पाण्याखालचा अंगठा

हा माणूस पाण्याखाली बोलू शकत नाही, एवढ्या एकाच कारणासाठी काकूंनी साठी जवळ आल्यावर स्कूबा डायव्हिंग शिकून घेतलं. हे मी पदरचं सांगत नाही. लंडनमधल्या एजवेअरच्या घरी, स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता त्यांनीच मला हे सांगितलं, आणि वर 'हसतोस काय, खरं सांगते' अशी पुस्तीही जोडली. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात हवेची तोटी अशा थाटात काका पाऊण पाऊण तास त्यांच्या शेजारी तरंगत आणि एक अक्षर बोलत नसत. काकूंच्या संसारातला तेवढाच काय तो सुखाचा काळ.

काका-काकू माझे कोणी नव्हेत. मी वर्क व्हिसावर लंडनला आलो तेव्हा त्यांच्या घरातली माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली आणि नातं आपोआप चिकटलं. काका नागपूरचे. म्हणजे अशा गावचे, की कुठल्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. तरुणपणी इंजिनिअर म्हणून इकडे आले, ऑफिसातला कोणीतरी 'हिंमत असेल तर चल' म्हणाला, म्हणून एका रविवारी मिडलंड्समधल्या एका जुन्या दगडखाणीत उतरले. या देशात अशा खाणी पाण्याने भरतात आणि लोक त्यात डायव्हिंग शिकतात. तळाशी मुद्दाम बुडवून ठेवलेली एक बस असते, एखादा टेलिफोनचा लाल बूथ असतो. पाणी बर्फासारखं आणि इतकं गढूळ, की स्वतःचा हात नाकाशी आणल्याशिवाय दिसत नाही. असल्या पाण्यात बुडालेली बस बघून नागपूरचा माणूस प्रेमात पडला, तो पुरता पडला. पुढे डायव्हिंग क्लबात शिकवायला लागला. निम्मा क्लब त्यांच्या हाताखालून गेला. शेवटी शेवटी मीही गेलो.

घरातही काका अर्धे पाण्यातच असत. डायव्हिंगच्या सुटाखाली घालायचा एक जाड, रजईसारखा शिवलेला कपडा असतो. ऑक्टोबर ते एप्रिल काका तो घालूनच पोहे खायचे. चंद्रावर जायला निघालेला माणूस वाटेत दाण्याचं कूट मागतोय असं दिसायचं. हीटिंग लावा म्हटलं की म्हणायचे, 'हा कपडा तू पण घे. थंडी काहून वाजून राहिली तुला? खाणीत उतरून पाह्य एकदा.' समुद्रावरून आले की सगळी आयुधं गोड्या पाण्यात भिजत पडायची ती आमच्या एकुलत्या एक बाथटबमध्ये, आणि तोवर आम्ही दोघं बिनआंघोळीचे. त्यांचा काळा रबरी सूट जिन्याच्या कठड्यावर उलटा टांगलेला असे. माझी आई पुण्याहून आली होती, ती पहिल्याच पहाटे पाणी प्यायला उठली आणि जिन्यात एका माणसाने गळफास घेतलाय असं समजून तिने जी आरोळी ठोकली, त्यानंतर शेजारच्या गुजराती बाईंनी आमच्याशी बोलणं बंद केलं.

इथवर मजा आहे. आता अंगठ्याकडे येतो.

तुमच्याकडे कोणी काही मागितलं आणि तुम्हाला ते द्यायचं नसलं तर तुम्ही काय करता? नाही म्हणता, किंवा बघू म्हणता. काका उजव्या हाताची मूठ वळत, अंगठा ताठ उभा करत आणि समोरच्याच्या नाकासमोर तो डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे असा डुलवत. ठेंगा. लहान मुलं एकमेकांना दाखवतात तोच. काका तो सगळ्यांना दाखवत. ईलिंग रोडवरच्या भाजीवाल्याला, दारात आलेल्या कौन्सिलच्या माणसाला, मंडळाच्या गणपतीला नाटकात काम करा म्हणून विनवायला आलेल्या अध्यक्षांना. मी खोलीला नवीन पडदे मागितले तेव्हा मलाही दाखवला. शब्द नाही, कारण नाही, नुसता अंगठा आणि त्यामागे एक मिशीतलं हसू. बाकी सगळ्या गोष्टींवर तासतासभर बोलणारा माणूस नकार मात्र मुक्याने द्यायचा.

आम्हाला मौज वाटायची. वेम्बलीतल्या आमच्या मराठी मंडळींत कोणी म्हणालं, 'काय रे, लोन झालं का मंजूर?' तर दुसरा काकांसारखा अंगठा डुलवायचा आणि सगळे हसायचे. काकू कधी हसल्याचं मला आठवत नाही.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. नागपूरला काकूंची आई शेवटच्या दुखण्यात होती. बहिणीचा फोन आला, येऊन जा म्हणून. काकू स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, मी जाऊन येऊ का? काका टोस्टला लोणी लावत होते. सुरी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचा अंगठा उभा केला आणि डुलवला. मुलाची परीक्षा होती, सुट्टी नव्हती, कारणं असतीलच. पण कारण सांगितलं नाही. आई त्याच आठवड्यात गेली. 'ह्यांना आठवतसुद्धा नाही,' काकू म्हणाल्या. 'मी एकदा विचारलं तर म्हणाले, मी कधी नाही म्हटलं? आणि खरंच आहे. म्हटलं नव्हतंच.' मुलगा आता मँचेस्टरला असतो. तो फोन करतो तो काकूंच्या मोबाइलवर, आणि काका खोलीत आले की त्या 'ठेवते हं' म्हणतात.

तर अशा बाईने डायव्हिंग शिकायचं ठरवलं. आयुष्यभर शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना जेवण वाढलेलं, पोहण्याचा पोशाख कधी अंगाला लावलेला नाही. पण क्लबाच्या पोहण्याच्या तलावात उतरल्या आणि मासोळी निघाल्या. श्वास इतका संथ, की सगळ्यांचं सिलिंडर संपत आलं तरी ह्यांचं अर्धं शिल्लक. क्लबातली गोरी पोरं त्यांना 'लेजंड' म्हणायची. बुधवारची, म्हणजे क्लबाची, संध्याकाळ आली की काकूंच्या चालण्यात फरक पडायचा. ते एक त्यांचं स्वतःचं होतं, आणि काकांना ते आवडत होतं की नाही, हे काकांना ठरवता येत नव्हतं. लोकांसमोर म्हणायचे, 'मीच शिकवलं.' घरी म्हणायचे, 'खाणीत ठीक आहे, समुद्रात कळेल.'

समुद्रात कळलं.

क्लबाची सहल गेली इजिप्तला. ल्यूटनहून स्वस्तातलं विमान, रेड सीच्या काठचं हॉटेल, आणि एक दिवस राखीव किनाऱ्यावर डायव्हिंग. तिकडचं सरकार तो किनारा जिवापाड जपतं. प्रवाळाला हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. बसने निघालो तर दोन्ही बाजूला वाळवंट. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही, आणि त्या पिवळ्या रखरखाटाच्या काठाला टेकलेला निळा समुद्र. काकू खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. काका बसभर व्याख्यान देत होते. वाळवंटाच्या काठचं पाणी स्वच्छ काहून असतं, तर पाऊस नाही, नदी नाही, म्हणून गाळ नाही. आमच्या इजिप्शियन गाइडला हे आधीपासूनच माहीत असावं, पण बिचारा मान डोलवत होता. बोटीवर त्याने काकांचं सामान तपासायला हात पुढे केला, तर काकांनी त्याला ठेंगा दाखवला. त्याला वाटलं, साहेब 'मस्त' म्हणताहेत. त्यानेही अंगठा दाखवला आणि निघून गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अंगठा वर केला की साऱ्या जगात 'छान' होतं. पाण्याखाली होत नाही. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला, डाइव्ह संपली'. ती विनंती नसते, तिच्यावर चर्चा नसते. दोघं दोघं जोडीने उतरतात, आणि जोडीदाराने अंगठा वर केला की तुम्ही काहीही बघत असलात तरी त्याच्याबरोबर वर जायचं. हा पहिला धडा. काका हाच धडा शिकवायचे आणि तो शिकवताना तरी त्यांचा अंगठा अजिबात हलायचा नाही.

आम्ही उतरलो. पुढे काका-काकूंची जोडी, मागे गाइड आणि मी. वर सगळं ओसाड आणि खाली लग्नघर. पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे असे लगबगीने ये-जा करत होते, जणू मुहूर्त टळत चाललाय आणि भटजींचा पत्ता नाही. काकूंनी प्रवाळाच्या कड्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे एक कासव होतं. मोठं, म्हातारं, पाठीवर शेवाळं. ते निवांत चरत होतं. काकूंनी काकांकडे वळून पुन्हा कासवाकडे बोट केलं. जाऊ या का?

काकांनी मूठ वळली आणि अंगठा उभा केला. अंगठा डावीकडे-उजवीकडे हलला.

मी मागून बघत होतो. मला तोटीतल्या तोटीत हसू फुटलं. म्हटलं, बघा, इतक्या खोलवर येऊनही ठेंगा!

काकू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि कासवाकडे निघून गेल्या.

पुढचं सगळं गाइडच्या लक्षात आलं, माझ्या नाही. काकांच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट उठत होता, हात छातीशी गेला होता. गाइडने मला खूण केली, बाईंबरोबर राहा, आणि काकांच्या दंडाला धरून त्यांना सावकाश वर नेलं. मी काकूंच्या मागे गेलो. त्या कासवाच्या शेजारी हात छातीशी बांधून तरंगत होत्या, शेजारणीकडे बसायला आल्यासारख्या. कासव खात होतं, त्या बघत होत्या. आम्ही वर आलो तेव्हा काका बोटीवर आडवे, नाकावर ऑक्सिजन, चेहरा वाळूसारखा.

किनाऱ्यावरच्या डॉक्टरने तपासलं. हृदय ठणठणीत, फुप्फुसं ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, 'पॅनिक.' घाबरलात, बाकी काही नाही. अर्ध्या क्लबाला शिकवलेल्या माणसाला तो शब्द विंचवासारखा लागला. परतीच्या बसमध्ये व्याख्यान झालं नाही. विमानातही नाही. आणि लंडनला पोचल्यावर काकांनी क्लबाकडे तक्रार केली: जोडीदाराने वर जाण्याची खूण धुडकावली आणि मला पाण्यात सोडून दिलं. जोडीदार म्हणजे बायको.

क्लबात याहून मोठा गुन्हा नाही. सिद्ध झाला की तुमच्याबरोबर कोणी पाण्यात उतरत नाही. काकूंचा बुधवार जाणार होता.

एका रविवारी दुपारी तलावाच्या वरच्या खोलीत आम्ही जमलो. क्लोरीनचा वास, टेबलावर चहा आणि बिस्किटं, आणि खुर्चीत निवाडा द्यायला आमचे डायव्हिंग ऑफिसर. निवृत्त भूगोल शिक्षक, अत्यंत सज्जन, कुणाला वाईट सांगायचं असलं की आधी त्याला बिस्किट देणारे. काका टाय लावून आले होते. त्यांनी व्यवस्थित इंग्रजीत सगळं सांगितलं: मी सिग्नल दिला, स्पष्ट दिला, तिने तो पाहिला आणि ती निघून गेली.

मग मी उठलो. काकूंना वाचवायचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, प्रेक्षकही बरे जमले होते. इंग्रजांना ठेंगा समजावून सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. मी म्हटलं, महाशय, आमच्यात एक खूण आहे, तिचा अर्थ 'मिळणार नाही, चल फूट'. ती अशी. मी अंगठा डुलवून दाखवला. साहेब बघत राहिले. म्हणाले, हा तर थम्ब्ज-अप आहे. मी म्हटलं, नाही, हा हलतो. म्हणाले, हलणारा थम्ब्ज-अप? मी म्हटलं, हलतो म्हणूनच तो नकार. हे गृहस्थ बायकोला जन्मभर हाच दाखवत आले. पाण्यातही त्यांचा अंगठा सवयीने हलला, बाईंना वाटलं, नेहमीसारखा ठेंगा. चूक असलीच तर अंगठ्याची.

साहेबांचा चेहरा उजळला. कोणाचीच चूक नाही, नुसता सांस्कृतिक गैरसमज, यापेक्षा इंग्रज माणसाला आणखी काय हवं असतं? त्यांनी काकांकडे बघितलं. आता एवढं 'हो' म्हटलं की मिटलं.

काकांनी टायची गाठ चाचपली आणि म्हणाले, 'आय हॅव नेव्हर हर्ड ऑफ सच अ थिंग.' असली खूण मराठीत नाही. हा पोरगा नाटकं करून राहिलाय.

 ज्याच्या ठेंग्यावर सगळी वेम्बली हसते, तो माणूस समोर बसून सांगत होता की ठेंगा अस्तित्वातच नाही. का? तर अंगठा हलला हे मान्य केलं, की शिक्षकाने खूण चुकीची दिली असं झालं. मग काय, घाबरलेही हेच आणि चुकलेही हेच. त्यापेक्षा बायको क्लबातून गेलेली बरी.

साहेबांनी हळूच बिस्किटांची बशी काकूंकडे सरकवली आणि तुम्हाला काही सांगायचंय का, असं विचारलं. काकू कोट घालूनच बसल्या होत्या. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या पोरांना वाढता वाढता शिकलेलं, साधं, लहान लहान वाक्यांचं. त्या म्हणाल्या, 'माझे मिस्टर बरोबर सांगताहेत. ती ठेंग्याची खूण नव्हती.'

मी म्हटलं, 'काकू, अहो...'

'थांब तू,' त्या मला मराठीत म्हणाल्या, आणि पुन्हा साहेबांकडे वळल्या. 'त्या खुणेत अंगठा ऐटीत हलतो. मी फार वर्षं पाहिलाय, मला ओळखू येतो. त्या दिवशी ह्यांचा हात थरथरत होता. हे घाबरले होते. वर चल म्हणत होते. मला कळलं होतं.'

साहेबांनी चष्मा काढला. 'मग तुम्ही का नाही गेलात?'

'मला कासव बघायचं होतं,' काकू म्हणाल्या.

साहेबांनी उचललेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. खालून तलावातल्या पोरांचा कालवा येत होता. आणि मग, मंडळी, मी जे बघितलं ते कुठल्या रंगमंचावर बघायला मिळायचं नाही. काका उठले. म्हणाले, नाही, नाही, ऐका. हा मुलगा खरं सांगतोय. ठेंगा आहे. आहे ठेंगा आमच्यात. आणि टाय लावलेला, सत्तरीकडे झुकलेला तो माणूस त्या सज्जन भूगोल शिक्षकाच्या नाकासमोर अंगठा डुलवायला लागला. डावीकडे-उजवीकडे. 'लाइक धिस! आय डिड लाइक धिस! शी थॉट आय वॉज जोकिंग!' माझ्याकडे वळून म्हणाले, 'अबे सांग ना यांना, तू तर पाहिलं ना बे. हलला होता की नाही?'

घाबरट ठरले तरी चालेल, चुकले तरी चालेल, क्लबाने हाकललं तरी चालेल. पण बायकोला कळलं होतं आणि तरी ती गेली, एवढं खोटं ठरावं. त्यासाठी ते अंगठा हलवत होते, आणि तो अंगठा काही केल्या ऐटीत हलत नव्हता.

काकूंवर क्लबाने वर्षभराची बंदी घातली. साहेबांनी फार दिलगिरी व्यक्त केली. त्या वर्षाच्या आतच त्या नागपूरला बहिणीकडे निघून गेल्या. काका सगळ्यांना सांगतात, दोन महिन्यांसाठी गेलीये. हे ते गेली काही वर्षं सांगताहेत. जिन्यात सूट टांगलेला असतो, तो पूर्ण कोरडा.

पण काका म्हटलं की मला आठवतात ते त्या रविवारी माझ्या गाडीत मागे बसलेले. मी दोघांना घरी सोडत होतो. काकू पुढे, माझ्या शेजारी. एजवेअरचा सिग्नल लाल होता आणि मी काहीतरी विनोदी बोलायचं शोधत होतो. 

मागून काकांचा आवाज आला. बारीक, कोणा दुसऱ्याचाच वाटावा असा.

'मी मेलो असतो तर?'

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. त्या समोरच्या दिव्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी खरोखर विचार करून, काही राग न धरता उत्तर दिलं.

'तर मी आले असते ना वर.'